शाळेसाठी दुर्बीण घ्यायचीय, ३० हजार रुपये आहेत आणि ६४ मुलं आहेत... कोणती घेऊ?

नमस्कार सर,

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. माण-खटाव भागात जिल्हा परिषदेची शाळा, पाचवी ते आठवी, पटावर ६४ मुलं, माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून ३० हजार रुपये दिलेत, त्यात चांगली दुर्बीण कोणती येईल आणि आल्यावर आकाशदर्शनाचा कार्यक्रम कसा बसवायचा, असं तुम्ही विचारलंय. मी गेली १९ वर्षं शाळांमधून हेच काम करतेय, जास्त करून पुणे-सातारा-सोलापूर पट्ट्यात, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, चहा घेऊन बसा.

दुर्बीण कोणती, याचं उत्तर सोपं आहे आणि खाली देतेच. मला अवघड वाटतो तो दुसराच प्रश्न, की उद्घाटनाचा नारळ फुटल्यानंतर दुसऱ्या महिन्यात, सहाव्या महिन्यात, दुसऱ्या वर्षी ती दुर्बीण कपाटातून बाहेर कशी येत राहील. कारण मी अशा बऱ्याच शाळा बघितल्यात जिथे दुर्बीण आहे आणि आकाश कोणी बघत नाही. एका शाळेत मुख्याध्यापकांनी मोठ्या कौतुकानं कपाट उघडून दाखवलं, बॉक्स नवाकोरा, वर ‘५२५ पट’ असं छापलेलं, आणि भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरलेली. चार पावसाळे बंद खोक्यात काढले होते तिनं. ज्या सरांनी हौसेनं आणली त्यांची बदली झाली होती आणि बाकी कोणाला ती जोडता येत नव्हती. जिल्हा परिषदेच्या शाळेत बदली ही ठरलेली गोष्ट आहे सर, तुमचीही होणार, तेव्हा हे सगळं तुमच्या एकट्याच्या अंगावर उभं करू नका, हे आधीच सांगून ठेवते.

आता जरा हिशोब करू. ६४ मुलं, एक दुर्बीण, प्रत्येकाला एक मिनिट. तासाच्या वर वेळ गेला, आणि यात मधे दुर्बीण परत लावायचा वेळ धरलेलाच नाही. पृथ्वी फिरतेय, तासाला १५ अंश, म्हणजे ४८ पट मोठं करून बघताना साधारण एक अंशाचा तुकडा दिसत असेल तर चंद्र-शनी जे काही लावलंय ते एका टोकापासून दुसऱ्या टोकाला चार मिनिटांत पोचतं, आणि १२० पटीला तर दोन मिनिटंसुद्धा मिळत नाहीत. त्यात पाचवीतलं पोर आलं की ते आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, हातानं धरतंच, धरलं की दुर्बीण हलली, मग तुम्ही परत लावणार, मागची रांग ढकलाढकली करणार. शेवटच्या वीस मुलांच्या वाट्याला काय येतं? थंडी आणि कंटाळा.

सुरुवातीची काही वर्षं मी असेच कार्यक्रम केले. संध्याकाळी प्रोजेक्टरवर तासभर स्लाइड, मग रांग, मग दहा वाजता आभारप्रदर्शन. एका शाळेत दुसऱ्या दिवशी मुलांकडून अभिप्राय लिहून घेतले होते, सगळ्यांनी ‘खूप छान वाटले’ लिहिलेलं, आणि सातवीतल्या एका मुलीनं लिहिलं होतं, “शनी छान होता. पण तो आकाशात कुठे आहे ते मला माहीत नाही.” ते वाक्य मी आजपर्यंत विसरलेले नाही. तिनं शनीचं कडं बघितलं होतं, पण मान वर करून तो ठिपका कुठला हे तिला कोणी दाखवलंच नव्हतं, दुसऱ्या दिवशी घराच्या अंगणात उभी राहून ती आईला काय दाखवणार होती? तेव्हापासून मी क्रम उलटा केला. आधी दिवसाचं आकाश, मग नुसत्या डोळ्यांनी रात्रीचं, मग बायनॉक्युलर, आणि दुर्बीण सगळ्यात शेवटी. दुर्बीण घ्याच तुम्ही, पण सहा महिन्यांनी घ्या.

दिवसाचं म्हणजे काय, तर सावली. याला एक रुपया लागत नाही आणि शाळेच्या वेळेत होतं, परवानगी नको, पालकांना निरोप नको. पटांगणात सपाट जागा बघून एक मीटर उंचीची सरळ काठी ओळंब्यानं उभी करा, जुन्या ज्योतिषग्रंथांत हिला शंकू म्हणतात. तिच्याभोवती दोरीनं एक मोठं वर्तुळ आखा. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाच्या रेषेला शिवून आत येतं तिथे खूण, दुपारनंतर बाहेर जातं तिथे दुसरी खूण, दोन्ही जोडल्या की झाली पूर्व-पश्चिम रेषा. मुलांना याचं फार नवल वाटतं, कारण ‘पूर्वेची भिंत’ म्हणून जी सगळे सांगतात ती बहुतेक शाळांत नीट पूर्वेला नसतेच. त्या रेषेला काटकोनात उत्तर. ती उत्तर रेषा चुन्यानं पक्की करून ठेवा, रात्री तिच्यावर उभं राहून उत्तरेकडे हात लांब करून क्षितिजापासून पावणेदोन मुठी वर मोजल्या की ध्रुव. मूठ म्हणजे साधारण १० अंश, आणि तुमच्या गावाचा अक्षांश साडेसतराच्या आसपास, ध्रुव तेवढाच वर दिसतो. दुपारी आखलेल्या रेषेवर रात्री तारा सापडतो तेव्हा मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

आणि सावली एकदाच मोजून सोडू नका, दर सोमवारी मोजा. सगळ्यात छोटी सावली किती वाजता पडली आणि किती सेंटिमीटर, एवढंच वहीत. घड्याळाची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, तुम्ही चौऱ्याहत्तर-साडेचौऱ्याहत्तरला, त्यामुळे तुमच्याकडे सूर्य डोक्याजवळ येतो तो साडेबाराच्या सुमाराला, बाराला नाही. त्यातही नोव्हेंबरच्या सुरुवातीला सव्वाबारालाच आणि फेब्रुवारीच्या मध्यात पाऊण वाजता. अर्ध्या तासाचा फरक! हा फरक पुस्तकात शोधायला जाऊ नका, मुलांनाच सापडू द्या. माझ्या एका शाळेत मुलांना वाटलं घड्याळच बिघडलंय, तीन घड्याळं आणून ताडून बघितली त्यांनी, तो सगळा आठवडा त्या वर्गात विज्ञानाशिवाय दुसरं बोलणं नव्हतं. लांबीचं म्हणाल तर तुमच्याकडे २२ डिसेंबरच्या आसपास मीटरभर काठीची माध्यान्हीची सावली ८७ सेंमीच्या जवळपास यायला हवी आणि २१ मार्चला ३२ सेंमीच्या. दोन-तीन सेंमी इकडेतिकडे आलं तर चालतं, काठी तिरकी असते किंवा जमीन उताराची, आणि चूक कुठे झाली ते शोधणं हाही अभ्यासच आहे.

शून्य सावली दिवस, म्हणजे माध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर येऊन उभ्या काठीची सावली नाहीशी होते तो, सगळ्यांना माहीत असतो हल्ली, व्हॉट्सॲपवर फिरतो. आपल्याकडे अडचण अशी की तो एकदा मे महिन्यात येतो, तेव्हा सुट्टी, आणि एकदा जुलै-ऑगस्टमध्ये, तेव्हा ढग. तुमच्या अक्षांशाला १० मेच्या आसपास आणि मग २-३ ऑगस्टच्या आसपास. पण तुमचा भाग पर्जन्यछायेतला, तुमच्याकडे ऑगस्टात उघडीप मिळते, कोकणातल्या किंवा महाबळेश्वरकडच्या शाळेला ती मिळत नाही, तेव्हा तुम्ही जरूर करा. आणि एक तारीख आत्ताच लिहून ठेवा: २ ऑगस्ट २०२७, सोमवार. त्या दिवशी दुपारनंतर आपल्याकडून खंडग्रास सूर्यग्रहण आहे. म्हणजे साडेबारा-पाऊणला सावली जवळजवळ गायब आणि त्याच दिवशी दुपारनंतर ग्रहण. ढगांचं कोणाच्या हातात नाही, पण तयारी ठेवा. ग्रहणासाठी प्रमाणित सौरचष्मेच वापरा, एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल यातलं काहीही नको, आणि बायनॉक्युलर-दुर्बीण त्या दिवशी कपाटात कुलूप लावून. चष्मे कमी असतील तर पिठाची चाळणी उन्हात धरा, खाली जमिनीवर शेकडो छोटे चावलेले सूर्य पडतात, आणि ६४ मुलं एकाच वेळी बघू शकतात.

चंद्राचं एक गुपित सांगते. तुमची शनिवारची शाळा सकाळची असते ना? पौर्णिमेनंतर चार ते नऊ दिवसांत येणारा शनिवार कॅलेंडरवर शोधा, बहुतेक महिन्यांत असा एक मिळतो. त्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी पश्चिमेच्या बाजूला चंद्र वर असतो, भर उजेडात. अर्ध्या मुलांचा तर विश्वास बसत नाही, कारण ‘चंद्र रात्री उगवतो’ हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. आता प्रत्येकाच्या हातात एक रबरी बॉल द्या, नसेल तर लिंबू चालेल. उन्हात उभं राहून हात लांब करून तो बॉल चंद्राच्या अगदी शेजारी धरायचा. बॉलची जेवढी बाजू उन्हानं उजळलीय, जशी तिरकी उजळलीय, अगदी तशीच बाजू शेजारच्या चंद्राची उजळलेली दिसते. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा मीच दोन मिनिटं बॉल फिरवत उभी राहिले होते. चंद्राच्या कला म्हणजे पृथ्वीची सावली, ही समजूत शिक्षकांमध्येसुद्धा असते, ती या लिंबानं पाच मिनिटांत जाते, फळ्यावर कितीही आकृत्या काढल्या तरी जात नाही. पुढच्या आठवड्यात फुटबॉल आणि टेनिसचा बॉल घ्या, फुटबॉल पृथ्वी धरला तर टेनिसचा बॉल जवळपास चंद्राएवढा होतो, मुलांना विचारा यांच्यात अंतर किती ठेवायचं. वीतभर ठेवतात सगळे. खरं अंतर साडेसहा मीटर.

आता रात्रीचं. इथे तुमच्या गावाकडे जे आहे ते शहरातल्या शाळांकडे नाही, एक म्हणजे अंधार आणि दुसरं म्हणजे आजी-आजोबा. मिरग कधी लागतो हे तुमच्या गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा, ७-८ जून सांगतील. मुलांना गृहपाठ द्या, घरी विचारून नक्षत्रांची नावं लिहून आणा, कुठल्या नक्षत्राला कुठली पेरणी, त्या वर्षी नक्षत्राचं वाहन काय, सगळं आणा. मग वर्गात प्रश्न टाका: मिरग जूनमध्ये लागतो, तर मग जूनच्या रात्री मृग आकाशात दिसायला पाहिजे, बघितलाय का कोणी? दिसतच नाही. डिसेंबरच्या शेवटी रात्री आठला पूर्वेला सापडतो, तीन ताऱ्यांचा बाण, खाली झगमगणारा व्याध, वर रोहिणी, त्याच्या वर कृत्तिकांचा झुबका. मग जूनमध्ये काय लागलं होतं? सूर्य मृगात गेला होता. म्हणजे मृग होता, पण सूर्याच्या पलीकडे, दिवसा, उजेडात बुडालेला. हे समजावून सांगत बसू नका, पटांगणात करून बघा. २७ मुलं गोल करून उभी करा, प्रत्येकाच्या हातात एका नक्षत्राचं नाव लिहिलेला पुठ्ठा, मधे एक मुलगा सूर्य, आणि एक मुलगी पृथ्वी होऊन सूर्याभोवती आतल्या गोलात चालणार. जिथे थांबेल तिथून सूर्याच्या मागे कुठला पुठ्ठा दिसतो ते ओरडून सांगायचं. बाकीची मुलं बाहेरून चुका काढतात, त्यांना तेच फार आवडतं.

त्याच खेळात महिन्यांची नावंही उलगडतात. कार्तिकात पौर्णिमेचा चंद्र कृत्तिकांच्या आसपास, मार्गशीर्षात मृगाच्या, माघात मघेच्या, चैत्रात चित्रेच्या. घरोघरी भिंतीवर कॅलेंडर असतं, त्यात रोजचं नक्षत्र छापलेलं असतं, म्हणजे चंद्र आज साधारण कुठे आहे याचा पत्ताच. चंद्र रोज १३ अंश पुढे सरकतो, सव्वा मूठ, आणि रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. मुलांना पंधरा दिवस हे वहीत मांडायला लावा. रोज एक छोटं चित्र, तारीख, वेळ, आणि कुठल्या झाडाच्या किंवा घराच्या वर दिसला ते. मी गेल्या कित्येक वर्षांत अशा वह्या जमवल्यात, ‘पिठाच्या गिरणीच्या वर दोन मुठी’ अशा नोंदी आहेत त्यात, मला त्या कुठल्याही महागड्या फोटोपेक्षा मोलाच्या वाटतात.

पत्रिकेतले ग्रह आणि आकाशातले ग्रह यांची सांगड मुलं घालणारच, याची तयारी ठेवा. एकदा आठवीतली एक मुलगी सगळे पुढे गेल्यावर हळूच म्हणाली, “ताई, माझ्या बहिणीला कडक मंगळ आहे म्हणतात, त्यामुळे जमत नाहीये. तो हाच का?” मी म्हटलं हो, हाच, बघ. तो जवळात जवळ येतो तेव्हाही साडेपाच कोटी किलोमीटरवर असतो, त्याच्यावर लोखंड गंजलेली माती आहे म्हणून तो लाल दिसतो, आपलं मंगळयान त्याच्याभोवती फिरलंय. भाषण दिलं नाही, घरच्यांना नावं ठेवली नाहीत. ती परत रांगेत उभी राहिली, परत बघितलं, आणि तिसऱ्यांदा बहिणीला घेऊन आली. माझं मत असं की या बाबतीत वाद घालायला गेलात तर गाव तुमच्यापासून लांब जातं आणि मुली पुढच्या वेळी येत नाहीत. दाखवा, अंतर सांगा, प्रश्न विचारू द्या. आणि एखाद्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर ‘मला माहीत नाही, शोधू या’ असं मोकळेपणानं म्हणा, फळ्याच्या कोपऱ्यात तो प्रश्न लिहून ठेवा.

मुलींवरून आठवलं. रात्रीचा कार्यक्रम नऊच्या पुढे नेलात की मुली गळतात, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता वेळ त्यावरूनच ठरवते. डिसेंबर-जानेवारीत सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, सव्वासातला आकाश चांगलं काळं झालेलं असतं, साडेआठ-पावणेनऊला संपवा. आयांनाही बोलवा, नुसतं ‘पालक’ लिहिलं तर बाप येतात, ‘आई आणि आजी’ असं स्पष्ट लिहा निरोपात. तिथी बघताना शुद्ध षष्ठी ते दशमी निवडा. पौर्णिमेला बरेच जण ठेवतात, पण पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीतून सपाट पांढरा दिसतो आणि बाकी तारेही पुसून टाकतो. अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात, खड्डा खड्ड्यासारखा दिसतो. ते बघून झालं की मुलांना लोणार सांगा, की असाच एक खड्डा आपल्या बुलढाण्यात आहे, जवळजवळ पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद, आपल्या डोंगरांच्याच काळ्या दगडात उल्का आदळून झालेला. वर्गात परातीत पांढरी रांगोळी, वर वाळूचा पातळ थर, आणि वेगवेगळ्या उंचीवरून गोट्या टाकून बघा, चंद्रावरचे पांढरे फराटे हुबेहूब उमटतात.

त्या रात्री ६४ मुलांची एक रांग करू नका. सोळा-सोळाचे चार गट, वीस-वीस मिनिटांनी जागा बदलायची. एक गट दुर्बिणीपाशी, एक बायनॉक्युलरपाशी, एक सतरंजीवर पाठ टेकून नकाशा घेऊन नुसत्या डोळ्यांनी, आणि एक गट गावातल्या एखाद्या आजोबांसमोर, जे नक्षत्र आणि पावसाचं सांगतील. ग्रामपंचायतीला आधी पत्र देऊन चौकातला हायमास्ट दोन तास बंद ठेवायला सांगा, हे पत्र विसरलं की सगळं गेलं. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो आणि एका मोबाइलच्या उजेडानं ते परत पहिल्यासारखे होतात, म्हणून मोबाइल खिशात, आणि टॉर्चवर लाल जिलेटीन कागद दोन पदरी गुंडाळून रबर लावा. पटांगण दिवसाउजेडी फिरून बघा, दगड-काटे, विंचू, पाण्याची टाकी उघडी नाही ना. दुर्बिणीपाशी एक पक्कं स्टूल ठेवा, पाचवीतल्यांची उंची पुरत नाही. लहान मुलांना एक डोळा मिटता येत नाही, तेव्हा तळहातानं झाकायला सांगा, आणि काय दिसलं ते लगेच विचारा. ‘दिसलं’ म्हणतात सगळे, ‘किती ठिपके होते?’ विचारलं की कळतं खरं दिसलं का. तारे दाखवायचा हिरवा लेझर हातात आला की मुलांना भारी वाटतं पण तो फक्त मोठ्या माणसाच्या हातात, कोणाच्या डोळ्यात किंवा विमानाकडे चुकूनही जाता कामा नये.

आता पैशांचं, ज्याच्यासाठी तुम्ही विचारलं होतं. निम्म्याच्या आत दोन बायनॉक्युलर घ्या, ७×५० किंवा १०×५०, आणि एक बऱ्यापैकी ट्रायपॉड, सोबत बायनॉक्युलर त्याच्यावर बसवायची छोटी पट्टी. बायनॉक्युलर हातात हलतं, ट्रायपॉडवर बसवलं की गुरूचे चार चंद्र दिसतात, १६१० च्या जानेवारीत गॅलिलिओनं टिपले तेच. रोज संध्याकाळी ठिपक्यांची जागा वहीत काढली तर आठवड्यात मुलांना कळतं की हे फिरतायत. कृत्तिका, मृगातला तेजोमेघ (वायू-धुळीचा उजळ ढग), देवयानी तारकासमूहातली दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखंच ताऱ्यांचं दुसरं बेट), सगळं तुमच्या आकाशात बायनॉक्युलरमधून मिळेल. थोडे पैसे सौरचष्मे, फिरती तारकाचक्ती (तारीख-वेळ जुळवली की तेव्हाचं आकाश दाखवते ती) आणि छापील नकाशांना. उरलेल्यात सहा महिन्यांनी साडेचार-पाच इंची परावर्ती, म्हणजे भिंगाऐवजी आरशाची दुर्बीण, डॉबसोनियन बैठकीवरची, म्हणजे हातानं फिरवायच्या साध्या बैठकीवरची, भाव दोन-तीन ठिकाणी विचारून घ्या कारण ते सारखे बदलतात. पैसे थोडे वाढवता आले तर सहा इंची. बॉक्सवर किती पट लिहिलंय त्याकडे बघूच नका. भिंगाचा किंवा आरशाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या आणि दुप्पट करा, त्याच्यापुढची पट कामाची नाही, म्हणजे ५० मिमीच्या दुर्बिणीला फार तर १००, मग ५२५ कुठून आले? वस्तुभिंगाचं (पुढच्या मोठ्या भिंगाचं) किंवा आरशाचं नाभीय अंतर, म्हणजे किरण एकत्र येतात तिथपर्यंतचं अंतर, भागिले आयपीसचं नाभीय अंतर, ही झाली पट, आठवीची मुलं स्वतः काढू शकतात. मोटार लावलेल्या, ॲपनं चालणाऱ्या बैठकीच्या नादी लागू नका, बिघडली तर तालुक्याला दुरुस्त करणारा मिळत नाही.

हे तुमच्या शाळेसाठी झालं. शहरातल्या उजेडात शाळा असती तर मी बायनॉक्युलरला एवढं वजन दिलं नसतं, तिथे चंद्र आणि ग्रहच दिसतात आणि दुर्बीण आधी लागते. तीनशे मुलांची शाळा असती तर दुर्बीण सोडूनच द्या म्हटलं असतं, पहिलं वर्ष नुसती सावली आणि चंद्र.

सांभाळण्याबद्दल. पावसाळ्यात दुर्बीण आणि बायनॉक्युलर घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा, पुड्या महिन्यातून एकदा बदला किंवा गरम करून परत घाला, आणि उघडीप मिळेल तेव्हा बाहेर काढून हवा द्या. भिंग ओढणीनं, रुमालानं, तोंडाची वाफ देऊन पुसायचं नाही, ब्लोअरनं धूळ उडवायची आणि थांबायचं. आठवीतली दोन आणि सातवीतली दोन मुलं ‘दुर्बीण प्रमुख’ नेमा, त्यात निम्म्या मुली, त्यांनी जोडायची, आवरायची, नोंद ठेवायची, आणि आठवीतली बाहेर पडताना पुढच्यांना शिकवून जायची. एक माजी विद्यार्थी गावातच राहणारा असेल तर त्यालाही शिकवा. तुमच्या बदलीनंतर हीच माणसं ते चालवतील. आरसा जुळवणं वगैरे शिकायला पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, १९४४ पासूनची, तिथली मंडळी मदत करतात. पुण्यातल्याच आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला सगळ्यांसाठी दारं उघडी असतात, आणि सहल काढणार असाल तर नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे, विज्ञान दिनाच्या सुमाराला जा, आधी चौकशी करून. एवढी मोठी दुर्बीण आणि डोळा लावायला जागाच नाही, हे मुलांना फार विचारात पाडतं.

सहलीच्या आधी एक तास काढून पटांगणापासून रस्त्यानं सूर्यमाला मांडा. एक सेंटिमीटरला एक लाख किलोमीटर धरा. सूर्य १४ सेंमी, म्हणजे एक पपनस, शाळेच्या दारात. पृथ्वी मोहरीचा दाणा, १५ मीटरवर. चंद्र त्या मोहरीपासून चार सेंमीच्या आत. गुरू एक गोटी, ७८ मीटरवर, शनी १४३ मीटरवर, आणि नेपच्यून जवळजवळ अर्ध्या किलोमीटरवर, एसटी स्टँडच्या बाजूला कुठेतरी. मग विचारा, पुढचा तारा कुठे ठेवायचा? त्याच मापानं ४ हजार किलोमीटरवर, काश्मीर ते कन्याकुमारीपेक्षाही लांब. बहुतेक वेळा इथे वर्ग गप्प होतो, होऊ द्या, लगेच पुढे बोलू नका.

आणि एक काम मी तुमच्यासाठी करते. नंदुरबारचा रेखांश तुमच्या जवळपासच आहे, अक्षांशात पावणेचार अंशांचा फरक, सरळ रेषेत साधारण ४२० किलोमीटर. तिकडच्या एका शिक्षकांना मी ओळखते, त्यांची मुलंही काठीची सावली मोजतात. दोन्ही शाळांनी एकाच दिवशी आपापली सगळ्यात छोटी सावली मोजायची, दोन्हींचे कोन काढायचे, वजा करायचे, आणि नकाशावरच्या अंतराला त्या फरकानं भागून ३६० नं गुणायचं. उत्तर ४० हजारांच्या आसपास यायला हवं, पृथ्वीचा परीघ, तुमच्या पटांगणातल्या काठीवरून. २२ सप्टेंबरच्या आसपास ढग असतात, त्यामुळे मी २२ डिसेंबरचा आठवडा धरतेय. तुमच्याकडे काठी उभी राहिली की पहिल्या चार सोमवारांच्या नोंदी इथेच टाका, मी त्यांना कळवते.